शंभर मोजल्याशिवाय पाणी नाही

हप्त्याला एक तरी फोन येतोच. "काका, पान्यात उतरायचं किट मागवलंय ऑनलाईन. तुमी फक्त येऊन बघा आन् बरोबर हाय म्हना." मी विचारतो, "मागवायच्या आधी का न्हाय इचारलं?" तर म्हणतात, "तवा ऑफर चालू होती." आता ऑफर चालू होती म्हणून माणूस साठ फूट पाण्याखाली जाणार असेल, तर मी कुणाकुणाच्या पाया पडू? वरून पुढचा प्रश्न ठरलेला. "मग तुमीच उतरा की. तुमी कामून सोडलं?"

ते का सोडलं तेवढंच इथं लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. हे छापणाऱ्या अंकवाल्यांना म्हणालो, लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका, खऱ्या चुका पुढं येणार आहेत.

माझा धंदा पाणबुड्याचा. धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे, कुणी हसून सांगायची गरज नाही. पण विहिरी आहेत, विहिरीत मोटारी आहेत आणि मोटारी पडतात. दोर तुटतो, पाईप निसटतो, नाहीतर पाईपाच्या तळाच्या जाळीत पिशवी अडकते आणि पाणी यायचं थांबतं. मग तामलवाडीला माझ्या दारात मोटारसायकल येऊन उभी राहते. मी मोटारी काढल्या, घागरी काढल्या, एका बाईचं मंगळसूत्र काढलं, एका गुरुजींची कवळी काढली. गुरुजींनी ती तिथंच खळखळून धुतली आणि तोंडात घातली. आभार मानले नाहीत. कदाचित नीट बसली नसावी. माणसंही काढली, पण त्याचं मी लिहीत नाही. माणूस काढल्यावर वर कुणी चहाचं विचारत नाही, एवढंच सांगतो.

सामान फार नसतं. पंक्चरच्या दुकानात हवा भरायचा कंप्रेसर असतो तसलाच एक, तो विहिरीच्या कडेला ठेवायचा. त्याला लांब पाईप, पाईपाच्या टोकाला तोंड-नाक झाकणारा मास्क, मास्कच्या तोंडाशी एकतर्फी वॉल, म्हणजे झडप. हा वॉल बोटाएवढा असतो, पण कंप्रेसर मध्येच बंद पडला तर पाईपातली हवा उलटी वर पळते, आणि हा वॉल नसेल तर तुमच्या छातीतली हवाही ओढून नेते. कमरेला शिशाचा पट्टा, म्हणजे पाणी वर ढकलत नाही. आणि कमरेला दोर. एक झटका म्हणजे बरा आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर ओढ. दोराचं दुसरं टोक माझ्या बायकोच्या हातात. तिचं नाव पद्मीन.

लोकांना वाटायचं, बाई नुसती दोर धरायला आणली आहे. ते तिचं दुसरं काम. पहिलं काम वास घ्यायचं.

हे कसं सुरू झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं लग्न नवं होतं. एका मळ्यात मी खाली होतो आणि वर मालकानं त्याचं डिझेल इंजिन चालू केलं, शेजारच्या वावराला पाणी द्यायला. वारा फिरला. इंजिनाचा धूर कंप्रेसरनं ओढला आणि माझ्या पाईपात घातला. धुराला वास असतो, पण त्यातलं जे मारतं त्याला नसतो. मला खाली त्रास काहीच झाला नाही. उलट लई गोड झोप यायला लागली. हातातला पान्हा सुटला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वर पद्मीननं एक झटका दिला, उत्तर नाही. दुसरा दिला, उत्तर नाही. मालक म्हणाला, "थांब गं, काम करत असंल." ती थांबली नाही. मोटेचे दिवस गेले होते, पण बैल तिथंच बांधलेले होते. तिनं दोर जुवाला बांधला आणि बैल हाणले. मी विहिरीच्या दगडाला घासत घासत वर आलो. पाठीवर अजून वळ आहेत.

मी शुद्धीवर आलो तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "उद्यापासून आदी मी घेईन हवा. मग तुमी."

तेव्हापासून तसंच. कंप्रेसर चालू करायचा, इंजिनापासून लांब, वाऱ्याच्या अंगाला, आणि मास्क तिनं नाकाला लावायचा. नुसता हुंगून काढायचा नाही, शंभर मोजेपर्यंत लावून ठेवायचा. कारण कंप्रेसर गार असताना हवा चांगलीच येते. तो तापला की आतलं वंगण जळतं आणि मग वास सुरू होतो, तोवर तुम्ही खाली गेलेले असता. पण पद्मीनला शंभर मोजता यायचं नाही. वीसच्या पुढं ती घसरायची. म्हणून तिनं पाच खडे घेतले. वीस मोजले की एक खडा पुढं सरकवायचा. पाच इसा शंभर. पाचवा खडा सरकल्याशिवाय ती मास्क माझ्या हातात द्यायची नाही. मालक घाई करायचे, ऊन चढायचं, ती बधायची नाही.

या खड्यांची एक गंमत झाली. मुरूम गावाकडं गुरुलिंगाप्पा म्हणून एक शेतकरी आहेत, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिकडं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या आईनं बघितलं की ही बाई विहिरीच्या काठावर पाच खडे मांडून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटते आहे. म्हातारीला वाटलं, आसरा मांडल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. म्हातारीनं हळदी-कुंकू आणून खड्यांना लावलं आणि हात जोडले.

पद्मीन म्हणाली, "अवं आजी, देव न्हायत हे. आमी जयभीमवाले. ही माझी मोजनी हाय."

म्हातारी म्हणाली, "असू दे की गं. मोजनीला बी कुंकू चालतंय."

पद्मीन इतकी हसली की मोजणी चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून धरावी लागली. पुढं त्या घरी गेलो की खडे आधीच मांडलेले असायचे, कुंकवासकट. म्हातारी गेली, तरी गुरुलिंगाप्पांची मुलगी शिवलीला मांडायची. परकर घालत होती तेव्हापासून ती पद्मीनच्या शेजारी बसून खडे सरकवायची.

आता सामान कुठून घ्यायचं ते, कारण त्याचेच फोन जास्त येतात.

मी सोलापूरच्या बाजारातून घ्यायचो. तिथं मेहबूबभाई म्हणून कंप्रेसरवाले. माणूस तोंडानं फटकळ, माझ्यासारखाच, म्हणून पटायचं. एकदा मी हिरवा पाईप उचलला, स्वस्त दिसला म्हणून. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. "मामू, ये नक्को लेव. धूप में नरम पडता, मुडता, फिर हवा बंद. इससे तुम भैंसां धोव." दुसरा पाईप दिला तो आधी पाण्याच्या टाकीत बुडवला, हवा सोडली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बुडबुडा येतो का ते बघितलं, आणि मग गुंडाळून दिला. म्हणून गावातलं दुकान म्हणजे पुण्यवान, असंही समजू नका. दुसऱ्या एका दुकानदारानं मला वॉलमधलं रबर म्हणून कुठल्यातरी कुकरचं कापून दिलं होतं. मी परत गेलो आणि ते त्याच्या गल्ल्यावर आपटलं. चार माणसं जमली. तो लाजला. फरक एवढाच आहे. गावातला फसवतो, पण त्याला तोंड असतं आणि तुम्हाला ते दिसतं. त्या मोबाईलवर लिहिलेलं असतं, पसंत न पडल्यास सात दिवसांत परत. पाण्याखाली पसंत नाही पडलं तर परत करायला येणार कोण?

आणि खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मास्क ऑनलाईनच आला. पुण्याला असलेल्या माझ्या पोरानं मागवला. रबर मऊ, काच मोठी, चेहऱ्याला असा बसला की थेंब आत नाही. पद्मीन म्हणाली, "ह्यात तुमी मानसावानी दिसताव." त्याच पोरानं नंतर पाईप मागवला. वर शंभर फूट लिहिलेलं, मोजला तर दीड परसानं कमी. परस म्हणजे पुरुषभर, आमच्याकडं विहीर अजून परसातच मोजतात. दीड परस कमी म्हणजे तळाला टेकायच्या आधी पाईप संपला. म्हणजे कुठून घेता हा प्रश्नच नाही. घेतल्यावर काठावर बसून शंभर मोजता का, हा आहे. हे मी ओरडून सांगतो आणि लोक विचारतात, "पन ब्रँड कोनता घिऊ?" कपाळ!

पद्मीनला जाऊन दोन वर्षं झाली.

त्याच्या आधी कोरोनात माझं नाक गेलं होतं. ताप उतरला, खोकला गेला, वास परत आलाच नाही. रॉकेलही कळत नाही आणि शेणही कळत नाही. हे फक्त तिला माहीत होतं. मी म्हणालो, "कुनाला सांगू नको, धंदा बसंल." ती म्हणाली, "मी हाय की." मग दोघांचं मिळून एकच नाक होतं, आणि त्यावर आमचं चाललं होतं.

आमचं शेवटचं काम परंड्याकडं, सोनारीच्या जवळ. उन्हाळा. कंप्रेसर चालू, ती मास्क लावून बसलेली, खडे पुढं. तिसऱ्या खड्यापाशी ती थांबली. मास्क खाली घेतला आणि छातीवर हात ठेवून बसली.

मी म्हणालो, "पुढं मोज की! थांबलीस का? ऊन चढायलंय."

"दम लागलाय जरा."

"बसून दम लागतो व्हय? चल, उरक."

तिनं तीन खडे मागं घेतले आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण नियम तसा होता, मध्ये थांबलं की पहिल्यापासून. पाचही खडे सरकवले. मास्क माझ्या हातात दिला. मी खाली गेलो, मोटार बांधली, वर आलो. तिनं दोर नेहमीसारखा धरला होता.

नऊ दिवसांनी सकाळी ती भाकरी थापता थापता भिंतीला टेकली. सोलापूरला नेताना जीपमध्येच गेली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "दम कधीपासून लागत होता?" माझ्या पाईपाचं वय मला महिन्यासकट माहीत होतं. कुठं घासला आहे, कुठं चीर पडायला आली आहे, बोटानं सांगितलं असतं. हिचं सांगता आलं नाही. माणसाला श्वास पुरतो का नाही हे बघण्यातच माझी सगळी उमर गेली, आणि ती समोर बसून पुरत नाही म्हणाली, तर मी तिला उरक म्हणालो.

त्यानंतर मी काम बंद केलं. कंप्रेसर सपरात, म्हणजे छपराखाली, पडून होता.

या उन्हाळ्यात गुरुलिंगाप्पांचा फोन आला. विहिरीत मोटार पडली, बोअरला पाणी नाही, तेरा जनावरं आणि द्राक्षाची बाग. "मामा, दुसरा पानबुड्या मिळंना. चार दिस झाले. बागंचे मनी गळायलेत." मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, "बरं. मग जावई उतरतो म्हनायलेत. त्यांनी किट मागवलंय."

हे ऐकलं आणि मी सामान जीपमध्ये टाकलं.

जावई म्हणजे शिवलीलाचा नवरा, मल्लिकार्जुन. पुण्यात कंपनीत आहे, माणूस वाईट नाही, नम्र आहे. पण इतकं सगळं त्यानं मोबाईलवर बघितलं होतं की डोक्यात काही जायला जागाच उरली नव्हती. किट खाटेवर मांडून ठेवलं होतं. पाण्याच्या बाटलीएवढा एक सिलेंडर, त्यालाच तोंडात धरायचं बोंडूक, भरायला हातपंप. खोक्यावर निळा समुद्र आणि हसणारी गोरी बाई. आमच्या विहिरीत निळं काही नसतं. दोन परसांच्या खाली हात दिसत नाही.

"मामा, दहा मिनिटं पुरते," तो म्हणाला. "खोक्यावर लिहिलंय."

"कुठं पुरते? वर का खाली?"

"म्हणजे?"

मी त्याला सांगितलं ते इथंही सांगतो, कारण हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहीत नाहीत. फुगा घेऊन साठ-सत्तर फूट खाली गेलात तर तो तिसऱ्या हिश्श्याएवढा होतो. वरचं पाणी दाबतं. छाती भरायला तिप्पट हवा लागते. वर दहा मिनिटं पुरणारी बाटली खाली तीन मिनिटांत संपते. आणि संपल्यावर जीव घाबरून माणूस छातीत हवा कोंडून वर झेपावतो, तेव्हा हीच हवा उलटी फुगते आणि फुप्फुस फाटतं. वर येताना हवा सोडत सोडत, सावकाश, आपल्याच बुडबुड्यांच्या मागून यायचं असतं. त्यालाही हवा लागते.

"पण रिव्ह्यू चांगले आहेत," मल्लिकार्जुन म्हणाला.

"जे खालीच ऱ्हायले त्यांनी कुठून लिवायचं, जावईबापू?"

गुरुलिंगाप्पा हसले, पण जावयाला हसलो म्हणून लगेच गंभीर झाले. मी मल्लिकार्जुनाला म्हणालो, बाटली तोंडात धरा आणि विहिरीच्या पायऱ्या वरखाली करा, दर खेपेला एक दगड उचलून. पाण्याखाली काम केल्यावर श्वास तेवढाच वाढतो. शिवलीला काठावर येऊन बसली होती. तिनं न सांगता पद्मीनच्या वेळचे पाच खडे काढले आणि मांडले. कुंकू होतंच. ती मोजायला लागली. पाच खडे झाले, शंभर. मागं घेऊन पुन्हा धरले. दुसऱ्या फेरीत चौथा खडा सरकायच्या आधी मल्लिकार्जुनानं बोंडूक थुंकून टाकलं आणि कठड्यावर हात टेकून भात्यासारखा धापा टाकायला लागला. हातपंपानं सिलेंडर निम्माच भरला होता, आणि तेही त्याला कळलं नव्हतं.

"ही दहा मिनिटं बी न्हायत," शिवलीला नवऱ्याला म्हणाली, "आन् ही तर वरची."

तो लाजला. मला बरं वाटलं, लपवत नाही. तिथंच माझं बिघडलं. माणूस दुसऱ्याला शहाणपण शिकवून मोकळा झाला की त्याला वाटतं, आपण आता चुकणारच नाही.

मी माझा पाईप हौदात बुडवून हवा सोडली. दोन वर्षं सपरात उन्हा-उंदरात पडलेला. टोकाकडच्या वीस फुटांत तीन ठिकाणी बुडबुडे. तो भाग कापून टाकला. आता पाईप तळाला पुरेना.

मल्लिकार्जुनाला चूक भरून काढायची होती. तो पळत गेला आणि द्राक्षावर फवारायचा पाईप घेऊन आला. जाड, दाबाला पक्का, वळवला तरी मुडत नाही. दिसायला माझ्यापेक्षा चांगला. "मामा, हा जोडूया. मी कालच साबणानं धुतलाय, जनावरांना पाणी पाजायला."

आमच्या भागात बाग असलेल्या प्रत्येक घरी हा पाईप असतो आणि प्रत्येक जण तो कशालाही वापरतो. नवा असता तर मीही काही म्हणालो नसतो. पण हा नवा नव्हता. औषधाचा वापरलेला पाईप श्वासाला जोडायचा नाही हा नियम मला माहीत होता, मीच सांगत फिरत होतो. पण सूर्य डोक्यावर आलेला, जनावरं हंबरत होती, गुरुलिंगाप्पा हात जोडून उभे, आणि मघाशी मी त्या जावयापुढं एवढं बोललेलो. मी म्हणालो, "आना हिकडं."

पाईप जोडला, दोन पट्ट्या आवळल्या. कंप्रेसर वाऱ्याच्या अंगाला ठेवला, चालू केला. मी मास्क माझ्या नाकाला लावला. सगळे माझ्याकडं बघत होते. मी डोळे मिटले, थोडा वेळ थांबलो, आणि जाणकारासारखी मान हलवली.

"ठीक हाय," मी म्हणालो.

मला काही वास आला नव्हता. मला कसलाच वास येत नाही. मी नाटक केलं, आणि ते लोकांपुढं केलं असलं तरी पणाला माझाच जीव होता. शिशाचा पट्टा बांधला. दोर बांधला. दोर गुरुलिंगाप्पांच्या हातात दिला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

शिवलीला म्हणाली, "मामा, मोजलं न्हाय की."

"बघितलं म्या."

"तुमी बघितलं. मामी शंभर मोजायच्या."

"अगं पोरी, तुजी मामी गेली. जाऊ दे आता मला."

"मामी गेल्या म्हनून शंभर कमी झाले व्हय?" ती म्हणाली आणि उठून माझ्या हातातून मास्क काढून घेतला. गुरुलिंगाप्पा ओरडले, "बेडा शिवा, मामांना करू दे!" बेडा म्हणजे नको. पण ती काठावर मांडी घालून बसली होती, पद्मीन बसायची तशीच, डावा गुडघा वर. मास्क नाकाला लावला. उजव्या हातानं पहिला खडा धरला.

मी चिडलेला होतो. खरं म्हणजे घाबरलेला होतो, ती पकडेल म्हणून. पायरीवर उभा राहून मी तिच्या बोटाकडं बघत राहिलो. कंप्रेसर तापत चालला होता, जोडलेला फवारणीचा पाईपही गरम हवेनं आणि उन्हानं तापला होता. वीस. पहिला खडा सरकला. चाळीस. दुसरा सरकला. तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि ती थांबली. मास्क खाली घेतला, छातीवर हात ठेवला आणि खोकायला लागली.

माझ्या तोंडात तेच आलं. सवयीनं आलं. पुढं मोज की. जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं.

"मामा," ती खोकत म्हणाली, "बागंच्या औषदाचा वास यायलाय. डोळे बी चुरचुरायलेत. तुमाला आला न्हाय?"

मी पायरी चढून वर आलो. तिच्या हातातून मास्क घेतला आणि कंप्रेसर बंद केला.

"बस, बाई," मी म्हणालो. "थांबलीस तिथंच बरं केलंस. पानी पी. सावलीत चल, दम खा."

आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, की मला वास येत नाही, पाच वर्षं झाली, आणि मघाशी मी खोटं बोललो. गुरुलिंगाप्पांच्या हातातला दोर तसाच राहिला. मल्लिकार्जुन पाईपाकडं बघत होता. त्या औषधानं साठ फुटांवर मला उलटी झाली असती, आणि मास्कमध्ये उलटी झाल्यावर काय होतं ते मी इतरांना काढताना बघितलेलं आहे.

मी शिवलीलाला सावलीत बसवलं. जवळ बसलो. तिचा श्वास नीट होईपर्यंत मी खडे सरकवत मोजत राहिलो, तिच्यासाठी. तिनं दोनदा म्हटलं, "बरं वाटतंय मामा, उठते." मी उठू दिलं नाही. पाचवा खडा सरकला, तेव्हा उठू दिलं. मग तिघांनी मिळून तिला मुरूमच्या दवाखान्यात दाखवून आणलं.

मोटार दुसऱ्या दिवशी गळ टाकून, चैनकप्पीनं ओढून काढली. दोन पाईप वाकले, बाकी काही नाही. हे आधीही करता आलं असतं. वेळ लागतो म्हणून कुणी करत नाही.

निघताना मी कंप्रेसर तिथंच सोडला, ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायला. पुण्याच्या माझ्या पोरानं मागवलेला चांगला मास्क मात्र घरी घेऊन आलो. खडे शिवलीलानं पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात दिले होते. म्हणाली, "मामींचे हायत, घेऊन जा." मी दोन घेतले, तीन तिला परत दिले. तिला म्हणालो, तिसऱ्याला थांबलीस ना, मग ते तीन तुझे.